भिंतीची चीर, जमिनीखालचं पाणी : सहकारनगरच्या एका बंगल्याचं प्रकरण

मी इमारत दुरुस्तीची कामं बघणारी सिव्हिल इंजिनिअर आहे. हे प्रकरण घरमालकांच्या परवानगीने लिहीत आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून पत्ता आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मोजमापं, खर्च आणि निर्णयांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण सगळा धडा त्या क्रमातच आहे.

घर आणि जमीन

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. त्यानंतर पुणं पेठा सोडून चहूबाजूंनी पसरलं, आणि नदीपासून लांब, टेकड्यांच्या पायथ्याशी वसाहती उभ्या राहिल्या. हा बंगला त्यानंतरचा, १९७४ चा. पर्वती-तळजईच्या टेकड्यांकडून आंबील ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर तो आहे. तळमजला आणि वर एक मजला. आरसीसी कॉलम नाहीत. दगडी पाया, त्यावर नऊ इंची विटांच्या भिंती आणि त्या भिंतींवरच स्लॅब टेकलेला. त्या काळी मध्यमवर्गीय माणसाने कर्ज काढून बांधलेली बहुतेक घरं अशीच आहेत.

उतारावरचा प्लॉट सपाट करायचा तर वरची बाजू खोदायची आणि ती माती खालच्या बाजूला टाकायची, हीच तेव्हाची रीत. इथेही तेच झालं होतं. त्यामुळे घराचा पुढचा भाग पक्क्या मुरमावर बसला आहे आणि ओढ्याकडचा मागचा कोपरा भरावावर. नेमकं त्याच कोपऱ्यात स्वयंपाकघर, शेजारी न्हाणीघर आणि संडास. घरातलं सगळं पाणी घराच्या सगळ्यात कमकुवत कोपऱ्यात. जुन्या बंगल्यांत ही मांडणी मी इतक्या वेळा पाहिली आहे की नव्या घरी गेले की आधी मागच्या दाराने बाहेर जाऊन तो कोपरा बघते. सांडपाणी उताराच्या दिशेने न्यायचं म्हणून संडास-मोरी खालच्या अंगाला, आणि खालच्या अंगालाच भराव.

घरात काका (वय ७९) आणि काकू (७४) असे दोघेच राहतात. मुलगी वडगावला असते. मला तिनेच बोलावलं.

काय बिघडलं

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत. या घराच्या परसात त्या रात्री गुडघाभर पाणी होतं. घरात शिरलं नाही, पण दोन दिवस परस चिखलाने भरलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी जाणारी केसासारखी चीर दिसली. २०२२ च्या एप्रिलपर्यंत तिच्यात नाण्याची कड शिरायला लागली.

त्याच काळात घरात इतरही गोष्टी घडत होत्या, पण कुणी त्या चिरेशी जोडल्या नव्हत्या. आधी दिवसातून एकदा पंप लावला की वरची टाकी पुरायची, आता दोनदा लावावा लागे. ओट्याजवळच्या दोन मोझॅक फरश्या टाचेने दाबल्या की पोकळ वाजायच्या. मोरीचं पाणी सावकाश उतरायचं. आणि स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला, जो टाकीवर नव्हे तर थेट महापालिकेच्या लाईनवर आहे, सकाळी पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी यायचं, कधीकधी त्याला वास असायचा. काकू ते पाणी झाडांना घालायच्या आणि स्वच्छ आलं की पिण्याचं भरायच्या.

“अगं, त्या रात्री ओढा आला ना परसात, तेव्हापासूनच हे सगळं,” काकू पहिल्याच भेटीत म्हणाल्या. घरात प्रत्येकाचा यावर विश्वास होता. पूर प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिला होता. पाईप कुणीच पाहिले नव्हते.

माझ्याआधीचे सल्ले

मे २०२२ मध्ये एका वॉटरप्रूफिंगवाल्याने चीर पॉलिमरच्या मसाल्याने भरली, आतून-बाहेरून केमिकलचे दोन हात दिले आणि ४२,००० रुपये घेतले. दिवाळीपर्यंत चीर त्याच जागी, त्याच वळणाने परत उघडली. त्याच्या कामात हयगय झाली होती असं मला वाटत नाही. भिंत हलत असेल तर कुठलाही मसाला तिला धरून ठेवू शकत नाही. त्याने चीर पाहिली, पण ती कशामुळे पडली हे विचारलं नाही.

दुसऱ्या ठेकेदाराने पायाच सरकला आहे असं सांगून मागच्या दोन्ही भिंतींखाली नवा काँक्रीटचा पाया घालायचा, म्हणजे अंडरपिनिंग करायचं, असं सुचवलं. अंदाज साडेसहा लाखांचा. घर पाडून नवं बांधा, असा तिसरा सल्लाही आला. काकांनी तो ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी गेले तेव्हा ते साडेसहा लाखांचं कोटेशन टेबलावर होतं आणि काका बँकेतली ठेव मोडायच्या विचारात होते. मी त्यांना एवढंच म्हणाले, “काका, सही करायच्या आधी मला दोन महिने द्या.”

चीर काय सांगत होती

चीर वर रुंद होती, पाच मिलिमीटर. खाली जोत्याजवळ जेमतेम दीड. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. म्हणजे घराचा कोपरा खाली बसत बाहेरच्या बाजूला कलत होता. कोपरा उचलला गेला असता तर चिरेची ठेवण वेगळी दिसली असती. हा फरक महत्त्वाचा, कारण काळी माती दोन्ही करते. ओली झाली की फुगून घर उचलते आणि सुकली की आकसून घराला खाली सोडते.

आम्ही दोन खड्डे घेतले, एक पुढच्या व्हरांड्यापाशी आणि एक मागच्या कोपऱ्याबाहेर. पुढे दोन फुटांवरच कोरडा, पिवळसर मुरूम लागला. मागे वर दीड फूट बागेची माती, मग काळी माती आणि तिच्यात विटांचे तुकडे, चुना, जुनं बांधकामाचं डबर. खरा मुरूम सव्वापाच फुटांवर. घराचा दगडी पाया मात्र चार फुटांवरच संपत होता. पायाच्या तळापासून मुरमापर्यंतचा सव्वा फूट भराव पन्नास वर्षं तो कोपरा पेलत होता.

काळ्या मातीचा नमुना ‘फ्री स्वेल’ चाचणीला दिला. ही चाचणी सोपी असते. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती एका मोजनळीत रॉकेलमध्ये आणि तेवढीच दुसऱ्या नळीत पाण्यात टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. आमची माती रॉकेलमध्ये १० मिलिलिटर राहिली आणि पाण्यात १७ झाली. म्हणजे सत्तर टक्के फुगवटा, चांगलाच जास्त.

पण मला जास्त बोलकी वाटली ती दुसरी गोष्ट. पाऊस थांबून महिना होऊन गेला होता. पुढचा खड्डा कोरडा होता. मागच्या खड्ड्यात तीन फुटांखाली माती हाताला चिकटत होती आणि तळाशी हळूहळू पाणी जमत होतं. तो ओढा तीन वर्षांपूर्वी येऊन गेला होता. हे पाणी आजचं होतं.

कोणतं पाणी?

अशा घरात तीन प्रकारचं पाणी असू शकतं : पावसाचं, नळाचं आणि सांडपाणी. कोणतं ते कळेपर्यंत फरशीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. एकदा ब्रेकर (फरशी फोडायचं यंत्र) चालू झाला की घरातला प्रत्येक माणूस लवकर उरकायच्या मागे लागतो आणि मग जे पहिलं सापडेल तेच कारण ठरतं.

घराला पाण्याचं मीटर नव्हतं, त्यामुळे टाकीच मीटर म्हणून वापरली. हजार लिटरची टाकी भरली, आत खडूने रेघ मारली, रात्री साडेदहाला सगळे नळ बंद केले आणि फ्लशच्या टाक्यांचे कॉकही बंद केले. सकाळी साडेसहाला पाणी १४ सेंटिमीटर उतरलेलं होतं. त्या टाकीच्या आकाराने ते साधारण सव्वाशे लिटर होतं. आठ तासांत सव्वाशे, म्हणजे दिवसाला पावणेचारशे लिटर पाणी कुणी नळ न उघडता जमिनीत जात होतं. दुसऱ्या रात्री तळमजल्याची लाईन टाकीपाशी बंद ठेवली. रेघ हलली नाही. गळती तळमजल्यालाच होती. जमिनीतली टाकीही अशीच तपासली, ती निर्दोष निघाली.

सांडपाण्यासाठी खालच्या चेंबरचं तोंड रबरी प्लगने बंद करून वरचा चेंबर काठोकाठ भरला. वीस मिनिटांत पाणी नऊ इंच उतरलं. मग त्यात फ्लुओरेसिनचा हिरवट चमकणारा रंग टाकला. अनेक जण यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरतात, पण मैल्याशी आणि मातीशी गाठ पडली की त्याचा रंग मरतो आणि गळती असूनही नाही असं वाटतं. चाळीस मिनिटांनी मागच्या खड्ड्याच्या कडेतून हिरवं पाणी झिरपायला लागलं. काका खुर्ची घेऊन तिथेच बसले होते. त्यांनी मुलीला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “दिसलं.”

तिसरी तपासणी पिण्याच्या नळाची. सकाळचं पहिलं गढूळ पाणी एच टू एस चाचणीच्या बाटलीत भरून ठेवलं. त्यात मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी होती.

पहिला निर्णय : भिंत नव्हे, पिण्याचं पाणी

त्या काळ्या बाटलीने माझा सगळा क्रम बदलला. तोपर्यंत मी भिंतीचा विचार करत होते.

थेट लाईनला पाणी दिवसातले काही तास येतं. त्या वेळात पाईपात दाब असतो आणि छिद्रातून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला की पाईप रिकामा होत जातो, आत ओढ तयार होते आणि त्याच छिद्रातून बाहेरचं पाणी आत शिरतं. बाहेर तर फुटक्या सांडपाण्याच्या लाईनचं पाणी साठलेलं. सकाळी पुरवठा सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत नळातून येत होतं ते हेच. नंतरचं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, एवढंच.

त्या पावसाळ्यात काकांचं पोट दोनदा बिघडलं होतं. कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. पण त्याच दुपारी थेट लाईन रस्त्याकडच्या कॉकपाशी बंद केली, जमिनीतल्या टाकीला येणारी लाईन वेगळी आणि शाबूत आहे याची खात्री केली, आणि कंपाउंडच्या आतल्या बाजूने एक तात्पुरता नळ काढून दिला. काकूंना दोन महिने पिण्याचं पाणी बाहेरून कळशीने आणावं लागलं. त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या भेटीत त्या वासाबद्दल ऐकूनही हे लगेच न केल्याची रुखरुख आहे. मधले सतरा दिवस ते पाणी त्या घरात पिण्यासाठी भरलं जात होतं.

पर्याय

पाण्याच्या लाईनसाठी दोन मार्ग होते. गळती सापडेल तिथे फरशी फोडून तेवढा तुकडा बदलायचा. खर्च दहा-बारा हजार, काम दोन दिवसांचं. प्लंबर मिस्त्रींनी जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी लाईनचा एक तुकडा कापून दाखवला. पाऊण इंची पाईप, पण आत गंजाच्या गाठी वाढून पाण्याला पेन्सिलीएवढी वाट उरलेली. जीआय पाईपावरचा जस्ताचा थर आटे पाडताना कापला जातो, म्हणून पाईप आधी सांध्यापाशीच मरतो. एक सांधा गेला होता म्हणजे त्याच वयाचे बाकीचे सगळे रांगेत होते. तुकडा बदलला असता तर सहा महिन्यांनी पुढची फरशी फोडावी लागली असती.

दुसरा मार्ग : फरशीखालची लाईन तशीच सोडून द्यायची, दोन्ही टोकांनी बंद करायची, आणि नवी सीपीव्हीसी (एक प्रकारच्या प्लॅस्टिकची) लाईन भिंतीच्या बाहेरून, उघडी, क्लँपवर न्यायची. इथे काकू अडल्या. “भिंतीवर उघडे पाईप म्हणजे चाळीसारखं दिसेल गं.” हा आक्षेप मी हलक्यात घेतला नाही. पन्नास वर्षं त्यांनी ते घर नीटनेटकं राखलं होतं. मी त्यांना मागे खोदलेला खड्डा दाखवला आणि म्हटलं, जमिनीखालचा पाईप गळायला लागला की कळायला तीन वर्षं लागतात, भिंतीवरचा गळला की त्याच दिवशी दिसतो. त्यांनी दोन दिवस घेतले. मग अट घातली : पाईप मागच्या बाजूनेच न्यायचे आणि भिंतीच्या रंगाने रंगवायचे. रंगवणं तसंही गरजेचं होतं, कारण सीपीव्हीसीला सतत ऊन लागलं तर तो ठिसूळ होतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे दोन हात चालतात, ऑइलपेंट लावायचा नाही.

सांडपाण्याच्या लाईनसाठी जुन्या पाईपातून कॅमेरा घालून आतून अस्तर बसवण्याचा पर्याय एका कंपनीने दिला होता. खोदकाम कमी, पण सांधे आधीच सरकलेले आणि उतार बिघडलेला. अस्तर तोच बिघडलेला उतार धरून बसलं असतं. म्हणून जुनी लाईन रद्द करून भिंतीपासून लांब नवी टाकायचं ठरलं.

अंडरपिनिंगबद्दल मी काकांना लेखी दिलं : पाणी बंद करून एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा, कोपऱ्यावर लक्ष ठेवायचं. चीर वाढत राहिली तर अंडरपिनिंग करायचं, थांबली तर नाही. हा सल्ला देणं सोपं नव्हतं. थांबायला सांगणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात आणि मधल्या काळात काही झालं तर जबाबदारी त्याचीच. वर्षभर त्या खोलीत जड कपाट ठेवायचं नाही, वरच्या मजल्यावर पाहुणे झोपवायचे नाहीत, आणि चिरेवर बसवलेली काचेची पट्टी (भिंत हलली की ती फुटते) फुटली की त्याच दिवशी मला फोन करायचा, असं त्याबरोबर लिहून दिलं.

उंबर

मागच्या कंपाउंडला लागून एक उंबर होता, कुणी न लावता आलेला. जुन्या सांडपाण्याच्या लाईनमध्ये त्याची मुळं शिरली असणार हे उघड होतं आणि मजुरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं म्हणणं होतं की तो आधी काढा.

झाड ठेवायचं, हा माझा निर्णय होता. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, ही एक बाजू. काकू दर गुरुवारी तिथे दिवा लावतात, ही दुसरी. पण माझं मुख्य कारण मातीचं होतं. मोठं झाड काळ्या मातीतून सतत पाणी ओढत असतं आणि माती त्या कोरडेपणाला सरावलेली असते. झाड एकदम गेलं की ओल साठत जाते आणि माती फुगायला लागते. ज्या वर्षी मला कोपरा स्थिर आहे का हे बघायचं होतं, त्याच वर्षी जमिनीत आणखी एक बदल मला नको होता. आम्ही लाईन झाडापासून दूर वळवली आणि मध्ये तीन फूट खोल जाड प्लॅस्टिकचा उभा पत्रा पुरला.

काम

जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात केली. माती तेव्हा ना फुगलेली असते, ना पूर्ण आकसलेली.

स्वयंपाकघराची फरशी उघडल्यावर जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. जुनी सांडपाण्याची लाईन चिनी मातीच्या दोन-दोन फुटी पाईपांची, सांधे सिमेंटने भरलेले. असा सांधा ताठ असतो. जमीन अर्धा इंच खाली गेली की तो वाकत नाही, तुटतो. दोन सांधे बोट जाईल इतके उघडे होते आणि त्यांत उंबराच्या मुळांची जटा अडकलेली. पाणी जोरात गेलं की सांध्यातून बाहेर पडायचं आणि ओसरताना बाजूची बारीक माती पाईपात ओढून न्यायचं. अशी वर्षानुवर्षं माती वाहून जाऊन ओट्याखाली दोन फूट लांब, फूटभर खोल पोकळी झाली होती. पोकळ वाजणाऱ्या फरश्या तिच्यावरच होत्या.

पाण्याचे दोन्ही पाईप, थेट लाईनचाही आणि टाकीकडून येणाराही, एकाच जागी फुटले होते : जोत्याच्या दगडी भिंतीतून आरपार जातात तिथे, भिंतीच्या अगदी तोंडाशी. मिस्त्रींनी बोटाने ती जागा दाखवली. “मॅडम, हा नुसता सडला नाय. भिंतीनं कापलाय.” ते बरोबर होते. पाईप भिंतीत सिमेंटने घट्ट बसवलेला होता. भिंत खाली गेली, मातीतला पाईप जागेवर राहिला, आणि गंजून पातळ झालेला धातू तिथे चिरला. मग त्या पाण्याने माती आणखी मऊ केली, भिंत आणखी बसली, छिद्र आणखी मोठं झालं.

आणि यात पुराचाही वाटा असणार. सैल भरावातून पुराचं पाणी उतरलं तेव्हा कोपरा पहिल्यांदा थोडा बसला असेल. काकूंचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त पूर ओसरून गेला होता आणि पाईप रोज गळत होते.

नवी सांडपाण्याची लाईन भिंतीपासून साडेचार फूट बाहेर टाकली. त्यापलीकडे कंपाउंड होतं. चर पायाच्या तळाखाली जाऊ दिला नाही. पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली उतरणारी एक काल्पनिक रेघ धरायची आणि चराचा तळ तिच्या वरच ठेवायचा, हा नियम पाळला. एका वेळी सहा फुटांहून जास्त चर उघडा ठेवला नाही. चार इंची पीव्हीसी पाईप, रबर रिंगचे सांधे, म्हणजे जमीन थोडी हलली तरी सांधा सरकून घेतो. उतार चाळीसला एक : ३८ फुटांच्या लाईनला साडेअकरा इंच. खाली काळी माती काढून चार इंच बारीक कच, आणि पाईपाभोवतीही तोच.

भिंतीतून जिथे जिथे पाईप आरपार गेला तिथे आधी मोठ्या व्यासाच्या पाईपाचा तुकडा बसवला आणि आतला पाईप त्यात मोकळा ठेवला. मधली फट लवचिक सीलंटने भरली. गवंडी सवयीने तिथे सिमेंटचा माल घेऊनच आला होता. त्याला थांबवून कारण समजावलं. पुढच्या दोन जागी त्याने स्वतःच फट सोडली.

पोकळी सिमेंट-वाळूच्या पातळ मालाने, तीन दिवसांत, थोडी थोडी करून भरली. रस्त्यावरच्या चेंबरकडे जाणारा शेवटचा भाग तुंबलेला होता. तो मशीनने, पाण्याच्या दाबाने साफ करवला. एका ठेकेदाराने “माणूस उतरवतो, अर्ध्या पैशात होईल” असं सुचवलं होतं. माणसाला असं गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते होऊ दिलं नसतं.

नंतरचं वर्ष

चिरेवर तीन ठिकाणी प्लास्टरच्या चिमटीने काचेच्या पट्ट्या बसवल्या होत्या, तारीख घालून. त्यांतली सगळ्यात वरची काम सुरू असताना फुटली. फेब्रुवारीत काम संपल्यावर नवीन बसवली. काका दर रविवारी सकाळी त्या बघायचे आणि वहीत नोंद करायचे. शेजारी दोन खिळे ठोकून दिले होते, त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) महिन्यातून एकदा मी मोजायचे.

मेअखेर अंतर ०.४ मिलिमीटरने वाढलं. उन्हाळ्यात माती आकसते, हे अपेक्षित होतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मात्र काचपट्टी फुटली आणि काकांचा फोन आला. मी भर पावसात गेले. गच्चीचं पाणी उतरवणारा पावसाळी पाईप त्याच कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर वर संपत होता आणि सगळ्या गच्चीचं पाणी भिंतीच्या पायाशी ओतत होता. मी त्याच्या शेजारून सहा महिने ये-जा केली होती. कोरड्या दिवसांत तो नुसता एक पाईप होता. तीन दिवसांत त्याला जोड देऊन पाणी समोरच्या बाजूला काढलं आणि कोपऱ्याभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला.

ऑक्टोबरपर्यंत अंतर मूळ मापाच्या ०.१ मिलिमीटर आसपास परत आलं आणि तिथेच राहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वर्ष पूर्ण झाल्यावर, चिरेला आडव्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी टाके घातले, जाळी मारून गिलावा केला. अंडरपिनिंग केलं नाही.

खर्च असा झाला : पाण्याची लाईन ७८,०००, सांडपाण्याची १,१२,०००, पोकळी आणि फरशी ४६,०००, भिंत ३५,०००, पावसाळी पाईप आणि पट्टा ९,०००. एकूण २,८०,००० रुपये. आधीचे ४२,००० यात धरलेले नाहीत. पिण्याच्या पाण्याची बाटली चाचणी नव्या लाईनवर तीन वेळा केली, तिन्ही वेळा पाणी स्वच्छ राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

पावसाळी पाईपाबद्दल वर लिहिलंच. आता कुठल्याही घरी पहिल्या भेटीत गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे पडतं हे बघते.

दुसरी चूक ब्रेकरची. फरशी उघडायला पहिल्या दिवशी ब्रेकर लावू दिला आणि वरची काचपट्टी फुटली ती त्याच दुपारी. खाली पोकळी आहे हे फरशीच्या आवाजावरून कळलेलं असताना ते टाळायला हवं होतं. पुढचं सगळं काम छिन्नी-हातोड्याने केलं, चार दिवस जास्त लागले.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही, यावर मी अजून विचार करते. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची जीआय लाईन त्याच वयाची आहे. तीही बदलावी असं मी सुचवलं होतं, अंदाज ५५,००० चा. काका म्हणाले, “एवढ्यात पुरे.” पैसे त्यांचे, घर त्यांचं, आणि ती लाईन तेव्हा गळत नव्हती. मी आग्रह धरला नाही. टाकीपाशी त्या मजल्याला स्वतंत्र कॉक बसवून दिला आणि तो कसा बंद करायचा हे दोघांनाही दाखवलं. गेल्या सप्टेंबरमध्ये न्हाणीघराखालच्या छतावर ओलीचा डाग दिसला. काकूंनी कॉक बंद केला आणि मग मला फोन केला. डाग दोन आठवड्यांत वाळला. वरचं न्हाणीघर सध्या बंद आहे, ती लाईन दिवाळीनंतर भिंतीबाहेरून न्यायचं ठरलं आहे, आणि या वेळी रंग कोणता द्यायचा हे काकूंनी आधीच सांगून ठेवलं आहे.